सर्रिअलिस्ट ड्रॉइंगमधलं ‘आदिम’ नेमकं कुठल्या वाटेने आलं? मासों, एर्न्स्ट, मिरो आणि लाम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एमएफएच्या प्रबंधासाठी तुम्ही चार सर्रिअलिस्ट, म्हणजे स्वप्नातून आणि नेणिवेतून चित्र शोधणाऱ्या, चित्रकारांची ड्रॉइंग्ज निवडलीत, आंद्रे मासों, माक्स एर्न्स्ट, जोआन मिरो आणि विफ्रेदो लाम. प्रत्येक ड्रॉइंगशेजारी एखाद्या मुखवट्याचा नाहीतर मूर्तीचा फोटो लावून ‘बघा किती सारखं’ अशी मांडणी केलीत आणि गाइडनी ती परत पाठवली, यात तुलना कुठाय म्हणून. आणि शेवटी विचारलंय की वारलीचं एक प्रकरण जोडलं तर चालेल का. मी ड्रॉइंग आणि कलेचा इतिहास दोन्ही शिकवते, वीसेक वर्षं झाली, आणि हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे त्यामुळे लांबच लिहिणारे, निवांत बसून वाचा.

आधी एक शब्द सरळ करून घेऊ, कारण तुमच्या मसुद्यात तिथेच घोळ झालाय. तुम्ही ‘प्रिमिटिव्ह’ला कुठे आदिम म्हणता, कुठे आदिवासी म्हणता, जणू दोन्ही एकच. आदिम हा काळाबद्दलचा शब्द आहे, फार फार जुनं, सुरुवातीचं. आदिवासी ही आज जिवंत असलेली, मतदान करणारी, मोबाइल वापरणारी माणसं आहेत. युरोपात १९२०-३० च्या काळात नेमकी हीच गल्लत होत होती, पॅसिफिकमधल्या एखाद्या बेटावर त्याच वर्षी कोरलेला मुखवटा पॅरिसमध्ये पोचला की तो मानवजातीच्या बालपणातला ठरायचा. म्हणजे करणारा माणूस चित्रकाराच्याच वयाचा, आणि त्याची वस्तू मात्र दहा हजार वर्षं मागे ढकललेली. प्रिमिटिव्हिझम म्हणजे मुख्यतः ही ढकलाढकल, बघणाऱ्याच्या डोक्यातली, ती त्या वस्तूत नसते. म्हणून प्रबंधात ‘मिरोवर आदिवासी कलेचा प्रभाव’ असं वाक्य दिसलं की थांबा आणि स्वतःला विचारा, कुठल्या लोकांच्या, कुठल्या वस्तूचा, आणि त्याने ती कधी बघितली?

आता ते ‘बघा किती सारखं’. त्याचा धोका एका उदाहरणावरून सांगते. मासोंने १९३६ मध्ये, स्पेनच्या किनाऱ्यावरच्या तोसा दे मार गावात राहत असताना, लेखक जॉर्ज बाताईच्या ‘आसेफाल’ नियतकालिकासाठी एक ड्रॉइंग केलं. मुंडकं नसलेला पुरुष, हात पसरलेले, एका हातात खंजीर, दुसऱ्या हातात ज्वाळा निघणारं हृदय, पोटात आतड्यांचा चक्रव्यूह आणि गुप्तांगाच्या जागी कवटी. हे चित्र वर्गात दाखवलं की दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, मॅडम ही तर छिन्नमस्ता! आणि एखादी अभ्यासू मुलगी लज्जागौरी आठवते, तेरला, नेवाशाला मिळालेल्या त्या मस्तक नसलेल्या मूर्ती. हे आठवणं मला आवडतं, ते आपल्या डोळ्यांचं धन आहे. पण त्या आठवणीचं करायचं काय? छिन्नमस्तेचं शिर कापलेलं असलं तरी ते तिच्याच हातात आहे, जिवंत आहे, रक्त पितंय. लज्जागौरीच्या मस्तकाच्या जागी बहुतेकदा कमळ फुललेलं असतं. मासोंच्या माणसाचं डोकं मात्र कुठेच नाही, ना हातात ना जमिनीवर, आणि १९३६ साली ‘डोकं नसलेला’ म्हणजे नेता नसलेला, फ्युरर म्हणवणाऱ्या हिटलरच्या काळात फ्युरर नाकारणारा, आणि देव आणि तर्कबुद्धी पण नाकारणारा. शिवाय त्या आकृतीची पसरलेल्या हातापायांची ठेवण लिओनार्दोच्या वर्तुळातल्या माणसाला थेट उत्तर देते. म्हणजे साम्य धरून चाललात तर छिन्नमस्तेपाशी जाऊन अडकाल, आणि फरक धरून चाललात तर मासोंच्या चित्राच्या आत शिराल. साम्याने फक्त दार उघडतं, तुलना त्यानंतर सुरू होते, आणि तुमच्या मसुद्यात प्रत्येक पान दारातच संपतंय.

मग कशाची तुलना करायची? मी मुलांना सांगते की वाट शोधा. ती आदिम वाटणारी गोष्ट या कागदावर कुठल्या वाटेने आली? हाताच्या वेगातून आली, की संग्रहातल्या वस्तूवरून, की चर्चच्या भिंतीवरून, की घरातून? तुमच्या चौघांच्या चार वाटा आहेत, म्हणून निवड तुम्ही उत्तम केलीय, फक्त ते तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

मासोंपासून सुरू करा. १९२४ च्या आसपासची त्याची ऑटोमॅटिक ड्रॉइंग्ज, म्हणजे आधी काही न ठरवता हात चालवून काढलेली, पेन आणि शाई. सर्रिअलिस्टांचा पुढारी कवी आंद्रे ब्रेतों याचा जाहीरनामा १९२४ चाच आणि ‘ला रेव्होल्यूशियों सर्रिअलिस्त’ या त्यांच्या नियतकालिकाचा पहिला अंक त्याच वर्षीच्या डिसेंबरचा. यातली ड्रॉइंग्ज बघा, एकही मुखवटा नाही, टोटेम म्हणजे कुळचिन्ह नाही, काही नाही! रेषा गोल गोल फिरत जाते, मध्येच एक हात, एक स्तन, मासा, पक्ष्याचा पंख, परत रेषा. तरीही सगळे त्याला आदिम म्हणतात. का? कारण इथे आदिमपणा विषयात नाही तर क्रियेत शोधलाय, शिकलेलं सगळं बाजूला सारून हाताला मोकळं सोडलं तर खालून काहीतरी जुनं वर येईल अशी ती श्रद्धा होती. मासोंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरायची नाही, तो १९१७ मध्ये शमाँ दे दामच्या लढाईत छातीला गोळी लागून जबर जखमी झाला होता. त्याच्या रेषेतून जी फाटलेली शरीरं वर येतात ती कुठल्या गुहेतली नाहीत हो, ती फ्रान्सच्या खंदकातली आहेत.

इथे एक काम सांगते, ते कराच, वाचून पुढे जाऊ नका. मासोंचं एक ऑटोमॅटिक ड्रॉइंग आणि लामचं १९४०-४१ मधलं एक शाईचं ड्रॉइंग घ्या आणि दोन्हीची निबने नक्कल करा, ट्रेसिंग नाही, समोर ठेवून. मासोंची नक्कल सावकाश केलीत तर रेषा मरते, वेगातच ती जमते, वळणावर पातळ होते, शाई संपत येते तिथे तुटते. लामची रेषा वेगात केलीत तर बिघडते, ती सावकाश चालते, बंद होत जाते, सांध्यापाशी थांबते, खांदा इथे संपला, केस इथून सुरू झाले, असं ठरवून. हाताला हे अर्ध्या तासात कळतं. मग ‘दोघांचीही संकरित शरीरं’ हे वाक्य तुम्हाला पुरणार नाही, कारण एकाची शरीरं वेगात एकमेकांत सांडलेली आहेत आणि दुसऱ्याची विचार करून जोडलेली.

एर्न्स्टची वाट वेगळीच. त्याने स्वतः सांगितलेली गोष्ट अशी की १० ऑगस्ट १९२५ ला समुद्रकाठच्या एका खानावळीत जुन्या लाकडी फरशीकडे बघता बघता त्याला आकार दिसायला लागले, म्हणून त्याने कागद टाकून वरून घासून ते उतरवले. आपण लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, तेच, त्यालाच फ्रोताज म्हणतात. १९२६ मध्ये त्याचा ३४ चित्रांचा संच निघाला, ‘इस्त्वार नातुरेल’, म्हणजे निसर्गाचा इतिहास, त्यात लाकडाच्या रेघांचं जंगल होतं, पानाच्या शिरांचं झाड होतं, धाग्यांचं जनावर होतं. यात रेषा अशी नाहीच, फक्त पोत आणि राखाडी छटा. माणूस यायच्या आधीची पृथ्वी असावी असं वाटतं. मला ही चौघांतली सगळ्यात प्रामाणिक ‘आदिम’ चित्रं वाटतात, कारण यात कुणा दुसऱ्या माणसाच्या देवाला उचललेलं नाही, लाकूड घासलंय आणि त्यातून काळ काढलाय.

पण हाच एर्न्स्ट पुढे काय करतो बघा. १९३४ मध्ये कोलाजची कादंबरी काढली, एकोणिसाव्या शतकातल्या स्वस्त सचित्र पुस्तकांतली खोदचित्रं कापून जोडलेली, आणि तिच्या गुरुवारच्या भागात ईस्टर बेटावरच्या दगडी पुतळ्यांची डोकी सुटाबुटातल्या युरोपियन पुरुषांच्या धडावर बसवली. दिवाणखाना, पलंग, बाई, आणि हे दगडी डोक्याचे सभ्य गृहस्थ. इथे बेटावरच्या लोकांबद्दल काहीही सांगितलेलं नाही. जे सांगितलंय ते त्या दिवाणखान्याबद्दल, आणि म्हणूनच ते काम जोरदार आहे. कोलाज असलं तरी प्रबंधात घ्या, ड्रॉइंगशेजारी ते ठेवलं की फ्रोताजचा शांतपणा जास्त कळतो.

आणि त्याचा लोपलोप, तो पक्षी-माणूस? तुम्ही त्याला सरळ ईस्टर बेटावरच्या पक्षी-मानवाशी जोडलंय. सावकाश. त्या बेटावर पक्षी-मानव हे दरवर्षीच्या एका स्पर्धेशी बांधलेलं पद होतं, समोरच्या मोतू नुई या छोट्या बेटावर पोहत जाऊन समुद्रपक्ष्याचं पहिलं अंडं आणायचं, आणि ज्याच्यासाठी ते आणलं जाई त्याला तो मान मिळे. एर्न्स्टचा पक्षी त्याच्या बालपणातून आलाय, त्याचा लाडका काकाकुवा मेला त्याच रात्री बहीण जन्मली, ही हकीगत त्याने स्वतः लिहिलीय. बेटावरची कोरीव चित्रं त्याला भावली ती आधीपासूनच पक्षी त्याच्या डोक्यात होता म्हणून. तेव्हा ‘प्रभाव’ न लिहिता ‘भेट’ लिहा, आणि भेटीची तारीख बघा. तशीच तारीख अमेरिकेतल्या मूळ रहिवासी होपी लोकांच्या काचिना बाहुल्यांची, एर्न्स्टने त्या जमवल्या १९४१ मध्ये अमेरिकेत पोचल्यावर. म्हणजे तुमच्या मसुद्यात १९२६ च्या चित्राशेजारी काचिना बाहुली लावलीय ती काढून टाका, हे त्याने तेव्हा डोळ्यासमोर ठेवलं होतं असं दाखवता येणार नाही.

मिरोबद्दल थोडक्यात, कारण त्याच्यावर सगळेच भरभरून लिहितात. त्याच्या खुणा, डोळा, तारा, शिडी, भलंमोठं पाऊल, बघून लोक गुहाचित्रं आणि लहान मुलांची चित्रं एवढंच म्हणतात. पण बार्सिलोनाच्या संग्रहालयात कातालान डोंगरांतल्या चर्चमधून काढून आणलेली रोमनेस्क, म्हणजे मध्ययुगीन, भित्तिचित्रं आहेत, सांता मारिया द’आनेऊच्या चित्रातल्या देवदूतांच्या पंखांवर डोळेच डोळे आहेत, आणि मिरोला ही रोमनेस्क कला फार जवळची होती. म्हणजे त्याचं ‘आदिम’ बरंचसं घरचं आणि ख्रिस्ती आहे. दुसरं म्हणजे १९२४-२५ च्या त्या मोकळ्या वाटणाऱ्या चित्रांच्या आधीची रेखाटनं वह्यांमध्ये सापडतात, काही तर चौकटी आखून मोठी केलेली. उत्स्फूर्त दिसणं आणि उत्स्फूर्त असणं यात फरक आहे, मासोंशी तुलना करायला हा मुद्दा एकटाच पुरेल.

आता ज्याशिवाय हा विषय अर्धा राहतो ते म्हणजे वस्तू आल्या कशा. तुमच्या गाइडनी ‘फक्त फॉर्मवर लिहा’ असं सांगितलं असेल तरी हे लिहा, कारण याचा फॉर्मवर थेट परिणाम झालाय. १९२६ मध्ये पॅरिसला गॅलरी सर्रिअलिस्त उघडली ती मान रेची चित्रं आणि ‘बेटांवरच्या वस्तू’ एकत्र मांडून. पिकासोसारख्या क्यूबिस्टांना आफ्रिका प्यारी तर या सर्रिअलिस्टांना ओशियानिया, म्हणजे पॅसिफिकमधली बेटं, आणि उत्तर अमेरिकेचा किनारा. १९२९ मध्ये ब्रसेल्सच्या एका मासिकात त्यांचा जगाचा नकाशा छापला, त्यात पॅसिफिक मधोमध, ईस्टर बेट अवाढव्य, न्यू गिनी आणि अलास्का मोठे, आणि अमेरिकेची संस्थानं गायब. १९३१ मध्ये वँसेनला वसाहतींचं भव्य प्रदर्शन भरलं तेव्हा ‘तिकडे जाऊ नका’ असं पत्रक यांनीच काढलं, त्याविरुद्धचं प्रदर्शन भरवण्यात पण हेच होते. आणि त्याच १९३१ च्या जुलैत ब्रेतों आणि कवी पॉल एल्युआर यांनी आपला आफ्रिका, अमेरिका, ओशियानियाचा संग्रह ड्रुओच्या लिलावघरात विकला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एक लिहून दुसरी गाळू नका. वसाहतवादाचा त्यांना मनापासून राग होता, आणि त्या वस्तू त्यांच्या हातात येत होत्या त्या वसाहतवादाच्याच रस्त्याने.

एक वस्तू तर शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. कॅनडातल्या मूळ रहिवाशांच्या पॉटलॅच या भेटी वाटण्याच्या समारंभावर १८८५ पासून कायद्याने बंदी होती, ती १९५१ पर्यंत टिकली. १९२१ च्या नाताळात क्वाक्वाकावाक्व लोकांनी तरी मोठा पॉटलॅच केला, धरपकड झाली आणि मुखवटे, शिरोभूषणं जप्त झाली. त्यातलं एक शिरोभूषण फिरत फिरत ब्रेतोंच्या संग्रहात पोचलं. २००३ मध्ये ब्रेतोंच्या मुलीने, ओब एलेउएने, ते अलर्ट बेला, त्याच लोकांच्या ऊमिस्टा केंद्रात परत केलं. ही हकीगत वर्गात सांगताना मला दरवेळी भरून येतं.

पण ड्रॉइंगशी याचा संबंध काय, तर हा: नाचात वापरायचा मुखवटा हलतो, आगीच्या उजेडात दिसतो, त्याखाली माणूस असतो, आवाज असतो. युपिक लोकांचे अलास्कातले मुखवटे तर नाच झाल्यावर बरेचदा टाकून किंवा जाळून द्यायचे. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ज्युलियस कार्लबाखच्या दुकानातून एर्न्स्ट, ब्रेतों, मानववंशशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रॉस ही मंडळी असे मुखवटे विकत घेत होती, म्हणजे त्यांनी ते बघितले ते काउंटरवर आणि भिंतीवर. स्थिर, समोरून, एकटे, मागे मोकळी जागा. आता त्यांच्या ड्रॉइंग्जमध्ये बघा, किती आकृत्या अशाच समोर तोंड करून, कोऱ्या कागदावर टाचून ठेवल्यासारख्या उभ्या आहेत! ही मांडणी मूळ वस्तूची नाही, ती संग्राहकाच्या भिंतीची आहे. हा मुद्दा मला बरीच वर्षं शिकवल्यावर सुचला आणि आता मी प्रत्येक ड्रॉइंगमध्ये आधी आकृतीच्या मागची जागा बघते, मग आकृती.

कादाव्र एक्स्की, म्हणजे कागद दुमडून तिघाचौघांनी एकेक तुकडा काढायचा तो १९२५ चा खेळ, तुम्ही टोटेमच्या खांबाशी जोडलाय कारण दोन्हीकडे एकावर एक आकृत्या आहेत. खांबावरचा क्रम घराण्याचा इतिहास सांगतो, तिथे काहीही कशावरही बसवता येत नाही. या खेळात क्रम नशिबावर सोडलेला आहे, तेच त्याचं सुख. या दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या तर याच फरकासाठी ठेवा.

आता लाम. सगळ्यात जास्त पानं याला द्या.

१९०२ चा जन्म, क्यूबातलं साग्वा ला ग्रांदे, वडील चिनी, आईकडून काँगो आणि स्पेन दोन्ही, आणि मांतोनिका विल्सन नावाची धर्ममाता जी सांतेरिया या आफ्रिकन मुळाच्या क्यूबन धर्माची पुजारीण होती. हे वाचून लोक लगेच लिहितात की बाकीचे बाहेरचे आणि लाम अस्सल. एवढं सोपं नाही ते. लाम १९२३ मध्ये माद्रिदला शिकायला गेला, प्रादोत बसून जुने मास्टर्स गिरवले, यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने राहिला, १९३८ मध्ये पॅरिसला आला, आणि आफ्रिकन शिल्पांशी त्याची जवळून ओळख झाली ती तिथेच, पिकासो आणि लेखक-मानववंशशास्त्रज्ञ मिशेल लेरीस यांच्यामार्फत. म्हणजे घरात लहानपणी जे बघितलं त्याला दृश्य भाषा मिळाली ती पॅरिसच्या म्युझियममध्ये. दोन्ही वाटा एकाच माणसात आहेत, आणि तीच तर त्याच्या ड्रॉइंगमधली गंमत आहे. आणि सांतेरियाची दीक्षा त्याने स्वतः घेतलेली नव्हती, हे पण ध्यानात ठेवा.

१९४०-४१ च्या हिवाळ्यात मार्सेलजवळच्या व्हिला एअर-बेलमध्ये मिरो सोडून हे सगळे जमायचे, व्हिसाची वाट बघत वेळ घालवायला एकत्र चित्रं काढायचे, पत्त्यांचा नवा कॅट तयार केला ज्यात प्रेम, स्वप्न, क्रांती आणि ज्ञान असे चार रंग होते, मासों आणि लाम दोघांनीही त्यात पत्ते काढलेत. तिथेच लामने ब्रेतोंच्या ‘फाता मॉर्गाना’ या दीर्घ कवितेसाठी शाईची ड्रॉइंग्ज केली, जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारच्या सेन्सॉरने ते पुस्तक अडवलं. बायकांची शरीरं, केसांतून निघणारी पानं, शिंगं, तारे, चेहऱ्यातून दुसरा चेहरा. पुढे क्यूबात परतल्यावर यातूनच घोडामुखी बाई पक्की झाली.

ती घोडामुखी बाई बघून सर्रिअलिस्ट स्वप्न एवढंच लिहू नका. क्यूबातल्या लुकुमी परंपरेत, म्हणजे सांतेरियातच, ओरिशा म्हणजे देव ज्याच्या अंगात येतो त्या माणसाला ‘काबायो’, म्हणजे घोडा म्हणतात, कारण देव त्याच्यावर स्वार होतो. आपल्याला हे समजवायला नको, अंगात येणं आपण जत्रेत बघितलंय, आणि ज्याच्या अंगात येतं त्याला आपल्याकडे झाड म्हणतात. शब्द बघा, तिकडे घोडा, इकडे झाड, दोन्हीकडे माणूस म्हणजे कुणीतरी येऊन बसायची जागा. पण म्हणून लामच्या चित्रात देवीचा संचार शोधू नका, मी फक्त एवढंच म्हणतेय की हे रूपक नाही, व्यवहारातला शब्द आहे हे आपल्याला पटकन कळू शकतं आणि पॅरिसच्या समीक्षकाला कळायला वेळ लागला. तसंच त्या फांद्यांमधून डोकावणारं छोटं, गोल, शिंगांचं तोंड म्हणजे एलेगुआ, वाटांचा आणि उंबऱ्याचा मालक. एकदा ओळखलं की प्रत्येक चित्रात दिसायला लागतं.

आता तुमच्या प्रबंधाचा गाभा कुठे आहे ते सांगते. मार्च १९४१ मध्ये मार्सेलहून ‘कापितेन पॉल-लमर्ल’ जहाज निघालं, त्यात ब्रेतों, लाम, लेव्ही-स्ट्रॉस. मासों थोड्याच दिवसांनी दुसऱ्या जहाजाने. सगळे मार्तिनिकला पोचले. तिथे ब्रेतों मुलीसाठी रिबन घ्यायला एका दुकानात शिरला आणि त्याला ‘त्रोपिक’ या नव्या मासिकाचा अंक सापडला, त्यातून तिथला कवी एमे सेझेर भेटला. आणि मग ही मंडळी आब्सालोंच्या जंगलात फिरायला गेली. एकच जंगल, दोन चित्रकार. तुलनेसाठी याहून चांगलं काय हवं?

मासोंच्या मार्तिनिक ड्रॉइंग्जमध्ये झाडं बाईच्या शरीरात मिसळतात, वेली म्हणजे अवयव, दरी म्हणजे कूस, सगळं ओलं, फुगलेलं, आपल्याकडे ओढणारं. रेषा अजून तीच वेगाची. ब्रेतोंबरोबरचं त्याचं पुस्तक १९४८ मध्ये आलं, त्याच्या नावातली ‘सापांना भुलवणारी’ ही आंरी रूसोच्या १९०७ च्या चित्रातली बाई आहे, आणि रूसो आयुष्यात कधी फ्रान्सबाहेर गेला नव्हता. म्हणजे खरं जंगल समोर असूनही डोळ्यांवर पॅरिसमधलं जंगल होतंच. मी मासोंला कमी लेखत नाहीये, ती ड्रॉइंग्ज सुंदर आहेत, पण त्यात जंगलात राबणारं कुणी नाही.

लाम त्याच वर्षी क्यूबात परतला आणि १९४२-४३ मध्ये ‘ला हुंग्ला’ केलं, जंगल. २४० सेंटीमीटर उंच, जवळपास तेवढंच रुंद, आणि कागदावर केलेलं, नंतर कॅनव्हासवर चिकटवलेलं, म्हणून मी त्याला मोठ्ठं ड्रॉइंगच मानते, रंग पातळ आहेत आणि सगळं काम रेषेने पेललंय. यात जंगल शोधायला गेलात तर ऊस सापडतो! उभ्या दांड्या, पेरं, तंबाखूची पानं. ऊस जंगलात उगवत नाही, तो लावावा लागतो, आणि क्यूबात तो कुणाच्या पाठीवर लावला गेला हे सांगायला नको. आपल्यापैकी ज्यांनी ऊसतोड जवळून बघितलीय त्यांना ही चित्रातली दाटी लगेच कळेल, फडात उभं राहिलं की चार हातांपलीकडचं दिसत नाही तशी. आकृत्यांचे पाय आणि उसाच्या दांड्या वेगळ्या करता येत नाहीत, तोंडं चंद्रकोरीसारखी मुखवट्याची, पावलं प्रचंड, उजवीकडे वरच्या कोपऱ्यात एका हातात कात्री. आणि मागे मोकळी जागा? नाहीच. संग्राहकाची भिंत इथे पुसून टाकलीय. मुखवटा परत गर्दीत, शेतात, अंगावर आलाय. लाम म्हणायचा की आपण ट्रोजन घोड्यासारखे आहोत, आतून अशा आकृत्या बाहेर काढायच्या की शोषण करणाऱ्यांची झोप उडावी. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने हे चित्र १९४५ मध्ये घेतलं, पण बरीच वर्षं ते कोटरूमकडे जाणाऱ्या वाटेवर लावलेलं होतं, आणि १९८८ मध्ये कवी जॉन याऊने यावर जाहीर बोट ठेवलं.

त्याच सुमारास, १९४३ मध्ये, सेझेरच्या दीर्घ कवितेचं स्पॅनिश पुस्तक हवानात निघालं, भाषांतर लिडिया काब्रेराचं, प्रस्तावना बेंजामाँ पेरेची, ड्रॉइंग्ज लामची. ती ड्रॉइंग्ज आणि मासोंची मार्तिनिकची ड्रॉइंग्ज समोरासमोर ठेवा, तुमचं तिसरं प्रकरण तिथेच उभं राहील. एर्न्स्ट आणि मिरो दुसऱ्या प्रकरणात, त्यांची तुलना एकमेकांशी करा, घासून काढलेली आकृती आणि आखून काढलेली खूण. चौघांना एका तक्त्यात कोंबू नका.

आता वारली. माझं उत्तर नाही असं आहे, आणि कारण सांगते. तुम्ही लिहिलंय ‘मिरोप्रमाणेच वारली चित्रांतही आदिम खुणा आढळतात’. या चौघांपैकी कुणी वारली चित्रं बघितल्याचा कसलाही दुवा तुमच्याकडे नाही, आणि लग्नाच्या देवचौकात पालघाट देवी लिहिणाऱ्या सवासिनींना कागदावर नेणिवेचा शोध घ्यायचा नव्हता, त्यांना लग्न लावायचं होतं. ज्या गल्लतीबद्दल तुम्ही प्रबंध लिहिताय तीच त्या वाक्यात होते. जिव्या सोमा म्हशे यांची चित्रं १९८९ मध्ये पॅरिसला मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात होती, तो विषय फार चांगला आहे, पॅरिसने साठ वर्षांत बघण्याची पद्धत किती बदलली आणि किती नाही असा, पण तो वेगळा प्रबंध आहे, त्याला स्वतःची दोन वर्षं द्या.

आणि एक, ड्रुओचा १९३१ चा लिलाव लिहाल तेव्हा तळटीप २०१३ ची टाका. त्या वर्षी होपी लोकांच्या पवित्र मुखवट्यांचा लिलाव पॅरिसला ड्रुओमध्येच झाला, होपींनी विरोध केला, कोर्टात पण प्रयत्न झाले, तरी झाला. डिसेंबरच्या लिलावात अ‍ॅननबर्ग फाउंडेशनने २४ वस्तू विकत घेतल्या, २१ होपींच्या आणि ३ सॅन कार्लोस अपाचींच्या, परत करण्यासाठी. या मुखवट्यांचे फोटो प्रबंधात छापू नका, होपींना ते छापलेले नको आहेत. त्या पानावर फोटोची जागा कोरी सोडा आणि खाली कारण लिहा, परीक्षकांनी विचारलं तर तेच सांगा.